साडूचा ट्रिगर

स्पष्टरावांना आईबापांनी ठेवलेलं एक छान नाव आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं, आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारायचं, "आता स्पष्ट? की मगाचं स्पष्ट?" हे इतकी वर्षं चाललंय, की गल्लीनं त्यांचं बारसं परत केलं.

आणि गंमत बघा, साऱ्या गल्लीला स्पष्ट दाखवणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचं म्हणून काही एक स्पष्ट दिसेल तर शपथ!

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर चार रंगांचे चार पट्टे आहेत. रंगारी नमुना म्हणून ओढून गेला आणि म्हणाला, "साहेब, ठरलं की बोलवा." रंगारी आता म्हातारा झाला. नवे पाहुणे त्या पट्ट्यांसमोर जरा मागे सरून, मान तिरकी करून उभे राहतात; त्यांना वाटतं, कुणा मोठ्या चित्रकाराचं काम आहे. चपला घ्यायला गेले, तर दुकानदारानं एका पायाची काळी आणि एका पायाची तपकिरी देऊन घरी पाठवलं, "दोन दिवस घालून बघा" म्हणून. घालून बघितल्या. लग्न तेवढं झटकन झालं, कारण तिथे निवड सासऱ्यांनी केली. मुलगी पसंत आहे का, हे नवऱ्या मुलाला विचारायला कुणी थांबलंच नाही. थांबले असते, तर बाई अजून माहेरी बसल्या असत्या.

बरं, अशा माणसानं छंद तरी कुठला धरावा? टपाल तिकिटं गोळा करा, कुंड्यांना पाणी घाला. नाही! हे निघाले नेमबाजीला. हवेचं पिस्तूल. एका जुन्या गोदामाच्या तळघरात क्लब आहे, दहा मीटरवर कागदाचं निशाण टांगलेलं, वर पिवळे दिवे, आणि वास सगळा तेलाचा न् ओल्या भिंतीचा. तिथे हे रोज दुकान बंद करून जातात. एक हात खिशात, बसची वाट बघत असल्यासारखा, आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. हात वर जातो. थांबतो. काळ्या गोलाच्या खाली हे टेकवतात नजर, बोट चापावर येतं, आणि मग... मग हात खाली. परत वर. परत खाली. शेजारचा दहा छर्रे मारून चहा पिऊन येतो, तोवर ह्यांचा तिसरा चाललेला असतो.

क्लबचे मास्तर मोठे फटकळ. "अहो स्पष्टराव," ते मागून ओरडतात, "छर्रा सोडताय की लेक सासरी पाठवताय?"

स्पष्टरावांचं म्हणणं, दोष त्यांचा नाहीच. आधी मूठ बरोबर नव्हती, ती कानशीनं घासून घासून निम्मी केली. मग बुटांचा तळ. मग डोक्यावरचा दिवा. मग चष्मा! स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हातांनी नेमबाजीसाठी एकामागून एक चष्मे बनवले आणि प्रत्येकाला स्वतःच नावं ठेवली. असलं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं, तर त्याला हाकलून काढलं असतं.

पण इतकं असूनही स्पष्टराव क्लबच्या ज्येष्ठांच्या संघात होते. वर्षानुवर्षं होते. संघ तिघांचा, आणि क्लबात त्या वयाचे होतेच मुळी तिघं. त्यामुळे निवड व्हायची ती नावाला. तिघांना तीन निळी जाकिटं. क्लबकडे तेवढीच आहेत. पाठीवर क्लबचं चिन्ह, छातीवर टाचलेली नावाची पट्टी. स्पष्टराव ते जाकीट घालून दुकानात बसायचे, भर उन्हाळ्यात. घाम पुसत गिऱ्हाइकाला सांगायचे, "हो, संघात आहे." आयुष्यात तेवढं एकच वाक्य ते न अडखळता बोलायचे. त्यांची बायको त्यांना फार टोचून बोलते, पण त्या जाकिटाला तिनं कधी हसून घेतलं नाही. ते ती स्वतः हातानं धुवायची.

आणि मग क्लबात आला साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नळांचं मोठं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला. हा माणूस बाजारात शिरला की पाच मिनिटांत फ्रीज घेऊन बाहेर. विचार करणं त्याला कधी परवडलंच नाही, वेळ कुठे होता? क्लबात आल्या आल्या त्यानं सगळ्यात नवं पिस्तूल घेतलं आणि मारायलाही लागला असा, जसा काही नळ सोडतोय. धड धड धड. त्यातले बरेच बरोबर बसायचे, हेच स्पष्टरावांचं दुखणं.

तर आता ज्येष्ठ झाले चार, आणि जाकिटं तीन. पहिल्या दोघांना धक्का लागण्यासारखा नव्हता. मास्तरांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी तिसऱ्या जागेसाठी दोघं साडू समोरासमोर उभे राहतील. जो हरेल त्यानं सराव करत राहावं. आणि स्पष्टराव हरले, तर छातीवरची पट्टी उसवून जाकीट साडूच्या हातात द्यायचं. क्लबची पद्धतच तशी.

सोमवारी संध्याकाळी स्पष्टराव सरावाला उभे राहिले. हात वर, खाली, वर. बोटानं दाब दिला आणि टक्! छर्रा सुटलाच नाही, बोटाखालचं पातंच निखळून खाली पडलं. ट्रिगरचं ते पातं, ज्यावर इतकी वर्षं त्यांचं बोट टेकत आलं होतं, मधोमध मोडलं होतं. पडलेला दात तळहातावर घेऊन माणूस बघतो ना, तसे ते बघत राहिले.

मास्तर जवळ आले, वाकून बघितलं. "गेलं. ह्या पिस्तुलाचं हे पातं आता बनत नाही. मिस्त्रीकडे जा, त्याच्याकडे बसण्यासारखी असतील. एक निवडा आणि उद्यापासून त्यावर हात बसवा."

एक निवडा! मास्तरांनी किती सहज सांगितलं.

बंदुकांचा मिस्त्री म्हणजे शब्दाला जड माणूस. त्यानं टेबलावर फडकं पसरलं आणि तीन पाती मांडली. एक सपाट, एक बोटासारखं आत वळलेलं, आणि एकाच्या तोंडावर बारीक फिरता रूळ. पिस्तूल रिकामं करून त्यानं पहिलं बसवलं. "ओढा."

स्पष्टरावांनी ओढलं. आधी थोडं सैल येतं, मग अडतं, आणि त्या अडण्याच्या पलीकडे जरासा दाब दिला की सुटतं. त्या अडण्यावरच सगळा खेळ.

"चांगलं आहे," स्पष्टराव म्हणाले. "दुसरं?"

दुसरं लावलं. "हे पण चांगलं आहे. पण मगाचं..."

"मगाचं लावू?"

"नको, तिसरं बघू. मग मगाचं."

तिसरं झालं, मगाचं झालं, मगाच्या आधीचं झालं. बाहेरची दुकानं बंद झाली. मिस्त्रीनं स्क्रू फिरवायची एलन-की टेबलावर आपटली. "साहेब, ट्रिगर आहे तो, जावई नाही. एवढी चौकशी मी माझ्या पोरीच्या वेळी केली नाही."

"तसं नाही हो. हा सपाट आहे ना, हा जरा..." स्पष्टरावांनी हवेत बोट हलवलं. "हा जरा परका वाटतो."

मिस्त्री बघतच राहिला. मग त्यानं तिन्ही पाती एका डबीत घातली, डबी त्यांच्या खिशात कोंबली आणि म्हणाला, "घरी न्या. ओळख होऊ द्या. शनिवारी दोन परत आणा."

दुसऱ्या दिवशी ही बातमी साडूच्या कानावर गेली, कारण स्पष्टरावांच्या बायकोनं ती बहिणीला फोनवर हसत हसत सांगितली होती. साडू संध्याकाळी दुकानात हजर! हातात प्लास्टिकची छोटी पिशवी, तिच्यात नारिंगी रंगाचं एक पातं.

"दादा, माझ्या पिस्तुलाबरोबर हा एक ट्रिगर जास्तीचा आला होता. तुमच्या पिस्तुलाला पण बसतो, मी विचारून आलोय. घ्या, नुसता पडूनच आहे."

आता ज्याला रविवारी हरवायचंय त्यालाच हा माणूस आपणहून हत्यार आणून देतो! त्याला स्पष्टरावांची किती धास्ती असेल, ती ह्यावरून मोजा. स्पष्टरावांना ते बरोबर कळलं. "नको नको, साडूभाऊ," ते म्हणाले, "मिस्त्रीकडचा एक पक्का झालाय माझा."

काउंटरमागे फ्रेम पुसत बसलेल्या बायकोनं वर न बघता विचारलं, "कुठला हो?"

स्पष्टरावांना खोकला आला.

"असू दे, ठेवा," बायकोनं हात पुढे करून पिशवी घेतली. "माहेरचं माणूस आणून देतंय, परत कशाला पाठवायचं?"

मग काय, तिनाचे झाले चार. बुधवारी स्पष्टराव चहाचा कप चापासारखा धरत होते. गुरुवारी त्यांनी दाराची कडी तीन बोटांनी वेगवेगळी ओढून बघितली. दुकानात एका आजोबांच्या नाकावर चौकट चढवून स्वतःच भिंतीकडे बघत उभे राहिले, आजोबांनी विचारलं, "मी वाचू का, की तुम्ही वाचताय?"

गुरुवारी रात्रीचं जेवण उरकल्यावर बायकोनं टेबल पुसलं, टॉवेल आणला आणि म्हणाली, "बसा इथं. डोळ्यांवर बांधते. रंग दिसला, की तुम्हाला मिस्त्री दिसतो, साडू दिसतो. नुसतं बोटाला काय आवडतं ते सांगा."

हे स्पष्टरावांना पटलं. फारच शास्त्रीय वाटलं. डोळे बांधून घेतले, रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून बसले. बायकोनं डबी खुळखुळवली, स्क्रू सैल केला, पातं बसवलं, स्क्रू घट्ट केला. "ओढा."

टक्.

"छे! जड आहे. आणि कोरडं. हे नाही."

परत खुळखुळ, परत किल्ली. "ओढा आता."

टक्. "हां, हे बरं आहे. पण ह्याला जीव नाही गं."

"जीव नाही. बरं." खुळखुळ. किल्ली. "आणि हे?"

टक्. स्पष्टरावांनी परत ओढलं. टक्. त्यांच्या टॉवेलखालच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की बायकोनं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. "हे! अगं, हेच ते! सुरेख! लोण्यातून सुरी जावी तसं. ह्याचं अडणं किती स्वच्छ आहे बघ!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! पहिल्याची आणि ह्याची बरोबरीच नाही. पहिलं कुठलं होतं गं? सपाट ना? मला वाटलंच."

चौथं बघायची गरजच उरली नाही. त्यांनी स्वतःच टॉवेल ओढून काढला. पिस्तुलाला नारिंगी पातं लागलेलं होतं.

स्पष्टरावांचा चेहरा जरा पडला, पण सावरले. "म्हणजे... साडूचा निघाला. असो. आवडला तो आवडला. आणि पहिला कुठला?"

"हाच."

"अगं, पहिला. जड होता तो."

"हाच की. दुसराही हाच." बायकोनं डबीचं झाकण लावलं. मिस्त्रीची तिन्ही पाती आत निवांत पडली होती. "मी नुसती किल्ली फिरवत होते."

स्पष्टरावांनी डबी उघडून तिन्ही मोजली.

"ही फसवणूक आहे," स्पष्टराव म्हणाले.

"का हो? तुम्ही दुकानात काय करता? कुणी फार चिकित्सा करायला लागलं, की तेच भिंग काढता, फडक्यानं पुसता, तेच परत घालता आणि विचारता, आता? आणि तो म्हणतो, वा, आता मस्त! मग मला बाहेर येऊन सांगता, डोळे ठीक आहेत गं, माणूस बिघडलाय."

आता ह्यावर कुणी काय बोलणार? स्पष्टराव मात्र बोलले. म्हणाले, स्क्रू कमीजास्त आवळला गेला असणार. म्हणाले, तिसऱ्या वेळी बोट तापलं होतं. म्हणाले, जेवणानंतर हाताचं रक्त पोटाकडे जातं. बायको भांडी घासायला निघून गेली, तरी ते टेबलाला समजावून सांगतच होते.

शुक्रवारभर ते तिच्याशी बोलले नाहीत. दुकानात दोघांमधले निरोप गिऱ्हाइकांमार्फत गेले. पण शुक्रवारी सरावात त्यांनी नारिंगी पातंच लावलं होतं, कारण दुसरं काही लावायला मन धजेना. एकदा "सुरेख" म्हणून बसले होते ना! आणि खरं सांगायचं, तर ते चारचौघांसारखंच होतं. पण दर वेळी टक् झालं, की साडूचा आवाज यायचा, "पडूनच आहे."

शनिवारी मिस्त्रीची तिन्ही पाती परत गेली. मिस्त्रीनं मोजून घेतली आणि हात जोडले, कुणाला ते त्यालाच ठाऊक. आणि शनिवारी दुपारी, दुकानात शुकशुकाट असताना, स्पष्टरावांना ती अक्कल सुचली. तुमच्याआमच्या डोक्यात ती शंभर वर्षांत आली नसती. त्यासाठी माणूस चष्मेवालाच लागतो. चष्म्याच्या फ्रेमला नाकावर टेकायला त्या मऊ पांढुरक्या गाद्या असतात की नाही? त्यांनी ड्रॉवरमधून एक गादी काढली, नीट कापली आणि बारीक थेंबभर गोंद लावून त्या नारिंगी पात्यावर चिकटवली.

बोट टेकवलं. मऊ! आपलं! साडूचा आता त्याच्याशी काही संबंध नाही.

बायकोनं भिंगातून बघितलं, मग भिंगाशिवाय बघितलं. "हे काय?"

"आता हा माझा झाला," स्पष्टराव म्हणाले. भांडणानंतरचं पहिलं वाक्य. म्हणून त्या बिचारीनं ते तेवढ्यावर सोडलं.

रविवारी तळघरात गर्दी होती. गर्दी म्हणजे पंधरा माणसं, पण त्या तळघराला ती बारशाची वाटते. दोघी बहिणी मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. चढाओढीआधी तपासणी असते. पिस्तूल उभं धरायचं आणि ट्रिगरला अर्धा किलोचं वजन अडकवून उचलायचं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. म्हणजे फार हलका ट्रिगर करून कुणी लबाडी केली नाही, एवढंच बघायचं.

साडूचं झालं. मास्तरांनी स्पष्टरावांच्या ट्रिगरला वजन अडकवलं आणि उचललं. वजन गुळगुळीत गादीवरून सर्रकन घसरलं आणि टेबलावर धाडकन आदळलं. परत अडकवलं. परत धाडकन. मास्तरांनी पिस्तूल डोळ्यांजवळ नेलं.

"स्पष्टराव, ह्या ट्रिगरला हे काय आलंय? गळू?"

"ते... आरामासाठी."

"कुणाच्या?" मास्तरांनी चिमटा मागवला आणि गादी उपटून काढली. खालून लखलखीत नारिंगी पातं बाहेर आलं.

साडूनं मान लांब केली. "अरे, हा तर माझा! दादा, मिस्त्रीकडचा पक्का झालाय म्हणत होता ना?" आणि मग साऱ्या तळघराला ऐकू जाईल असं हसला. "माझ्या ट्रिगरला चष्मा लावला होता होय?"

सारं तळघर हसलं. मास्तरसुद्धा. स्पष्टरावांचे कान लाल झाले. बाकावर बायको मात्र हसली नाही. शेजारी बहीण हसत होती, तिच्या मांडीवर तिनं पर्स जरा जोरातच ठेवली.

वजन ह्या खेपेला व्यवस्थित उचललं गेलं. तपासणीनंतर स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम. स्पष्टराव आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले, शेजारच्या जागेवर साडू.

आता तुम्हाला वाटत असेल, की अपमानानं माणूस पेटून उठला आणि दणादण मधोमध मारायला लागला. छे हो! तो काय सिनेमा आहे? स्पष्टरावांचा हात वर गेला, थांबला, खाली आला. वर गेला, खाली आला. रोजच्यासारखंच. घाम आला, पुसला. एक मधोमध, एक काठावर, दोन बऱ्यापैकी.

बिघडलं ते शेजारी. साडूनं पहिले दहा नेहमीसारखे नळ सोडल्यासारखे सोडले. मग त्यानं सहज शेजारी बघितलं, तर स्पष्टरावांचा एक अगदी मधोमध बसलेला. नारिंगी पात्यावरून सुटलेला. साडूनं आपल्या पिस्तुलाकडे बघितलं. तिथेही नारिंगी पातंच, त्याच कंपनीचं, त्याच पेटीतलं. पण मनात आलं त्याला काय करणार? जास्तीचा म्हणून दिला तोच जास्त चांगला होता की काय?

ह्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली, आणि ती आली चढाओढीच्या मध्यावर. त्यानं हात वर नेला. थांबला. खाली आणला.

"ताई," मागे बहीण कुजबुजली, "आज ह्यांचं लक्ष कुठंय गं?"

ताईला लक्ष कुठंय ते दिसत होतं. "डोळे तपासून घे त्यांचे," ती म्हणाली. "आमच्याकडे ये उद्या."

साडू नेम धरायचा, शेजारी बघायचा, परत नेम धरायचा. शेवटच्या दहांत त्यानं दोन तर पार काठावर घातले. मास्तरांनी कागद काढले, डोळे बारीक करून बेरीज केली, परत केली.

"स्पष्टराव, गुण गेल्या वर्षी होते तेवढेच. एक जास्त नाही, एक कमी नाही." मग साडूकडे वळले. "तुमचे मात्र त्यांच्यापेक्षा दोन कमी. तिसरी जागा स्पष्टरावांची."

टाळ्या पडल्या, जेवढ्या पंधरा माणसांत पडतात तेवढ्या. स्पष्टरावांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढून घेतली, कुणी काढून घेईल म्हणून.

बाहेर पायऱ्यांवर साडूनं गाठलंच. हसत होता, पण हसू उसनं.

"अभिनंदन, दादा. चला, आता माझा तो ट्रिगर द्या. म्हणजे मी तुम्हाला रिकाम्या हातानं नाही सोडत हं, माझ्या पिस्तुलातला हा काढून देतो तुम्हाला. नवाकोरा. अगदी सारखाच आहे."

"सारखाच आहे, तर मग बदलायचा कशाला?" बायकोनं विचारलं.

"नाही वहिनी, तसं नाही. पण मूळचा तो माझ्या..." साडूनं हवेत बोट हलवलं. "त्याला काहीतरी आहे वेगळं."

बहीण लाडात आली. "भाऊजी, द्या ना. एवढं काय त्यात?"

सगळे स्पष्टरावांकडे बघायला लागले. बायको तर पायरीवर बसायच्याच बेतात होती. तिला ठाऊक, आता किमान पाऊण तास.

"नाही देत," स्पष्टराव म्हणाले.

लगेच. श्वाससुद्धा न घेता. साडूचा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. बहिणीचं तोंड उघडं राहिलं. स्वतः स्पष्टरावांनासुद्धा हे कोण बोललं ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पिस्तुलाची पेटी काखेत मारली आणि पायऱ्या चढून गेले, भराभर, कुणी मागून हाक मारायच्या आत.

स्कूटर बायकोच चालवते, कारण चौकात कुठे वळायचं हे आयत्या वेळी ठरवून चालत नाही. तिनं स्टँड काढला. स्पष्टराव मागे बसले, पेटी मांडीवर. अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचले नव्हते.

"अगं," मागून आवाज आला, "देऊन टाकायला हवा होता का गं? तुझ्या बहिणीला वाईट वाटलं असेल. पण मग त्यानं तरी... आणि तसे दोन्ही सारखेच..."

बायकोच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. बहिणीचाच असणार, दुसऱ्या कुणाचा. तिनं तो वाजू दिला.

"घट्ट धरून बसा," ती म्हणाली, आणि स्कूटरचा वेग वाढवला.